‘उन्हाळी’ लागली की जंतुसंसर्ग झाला? काढा कुठवर, गोळी केव्हा



एप्रिल लागला की नागपूरचे ऊन चाळिशी ओलांडते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. या दिवसांत वस्तीतल्या घराघरात एक तक्रार हमखास ऐकू येते. “लघवीला आग होते”, “थेंब थेंब होते”, “उन्हाळी लागली.” मग आजी धने-जिरे भिजत घालते. शेजारची काकू गोखरूचा काढा सांगते. मोबाईलवर कुणीतरी वनौषधीच्या बाटलीची जाहिरात पाठवते आणि खाली लिहिलेले असते, “अँटीबायोटिकची गरजच नाही.” शेवटी चौकातल्या औषधाच्या दुकानातून दोन दिवस पुरतील अशा चार गोळ्या सुट्या आणल्या जातात.

यातला कोणता उपाय खरा? वनस्पतींचा अर्क अँटीबायोटिकच्या जागी चालतो का? या महिन्याच्या धड्यात हेच समजून घेऊ. उत्तर आधी थोडक्यात सांगतो. काही वनस्पती त्रास पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून उपयोगी ठरतात. काहींमुळे आराम वाटतो. पण लघवीत जंतू वाढून ताप आला, पाठ दुखू लागली, तर काढ्यावर थांबणे म्हणजे किडनी पणाला लावणे आहे. गरोदर बाई, मधुमेही आणि सिकलसेलचे रुग्ण यांच्यासाठी ही गोष्ट जिवावरची आहे.

उन्हाळी वेगळी, संसर्ग वेगळा

आपल्या भाषेत दोन्हीला एकच नाव पडले आहे, म्हणून गोंधळ होतो.

उन्हात काम केले, घाम गेला, पाणी कमी प्यायले, की शरीर पाणी राखून ठेवते. लघवी थोडी, गडद पिवळी आणि कडक वासाची होते. ती जाताना जळजळते. ही खरी उन्हाळी. इथे जंतू नसतात. सावलीत बसून पोटभर पाणी, ताक, धने-जिऱ्याचे पाणी घेतले की एका दिवसात लघवी मोकळी होते आणि आग थांबते.

जंतुसंसर्गात गोष्ट वेगळी असते. पाणी पिऊनही जळजळ राहते. सारखी घाईची लागते, गेल्यावर थोडीशीच होते. ओटीपोट दुखते. लघवी गढूळ दिसते, कधी रक्त दिसते. संसर्ग वर किडनीपर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला दुखते, उलट्या होतात.

म्हणजे पहिली घरगुती परीक्षा पाण्याचीच. भरपूर पाणी पिऊन २४ तासांत आराम पडला तर बहुधा उन्हाळी होती. नाही पडला तर लघवी तपासायला हवी. ताप असेल तर मात्र ही परीक्षा करत बसायचे नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

आणखी एक लक्षात असू द्या. जळजळीसोबत अंगावरून पांढरे जात असेल, खाज असेल, तर आजार दुसराही असू शकतो. आणि महिनोन्महिने त्रास आहे, लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाही, तर मूत्रमार्गाचा क्षयरोग नाही ना, हे डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे.

बायकांनाच जास्त का होते?

बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू आपल्या आतड्यात राहतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. शौचाच्या जागेवरून तो लघवीच्या वाटेत शिरला की उपद्रव सुरू होतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक आकडे असतात. त्या आकड्यांनी तो लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि तिथेच वाढतो.

बाईची लघवीची नळी साधारण ४ सेंटीमीटर लांब, पुरुषाची २० सेंटीमीटरच्या आसपास. जंतूला बाईच्या शरीरात वाट जवळची आहे. म्हणूनच जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि कुणाच्या चारित्र्याशी तर याचा काडीचाही संबंध नाही.

पण निसर्गापेक्षा मोठा वाटा परिस्थितीचा आहे. धुणीभांडी करणाऱ्या ताईला मालकिणीच्या घरचे संडास वापरू देत नाहीत. बांधकामावर आडोसा नसतो. बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईला दुकान सोडून जाता येत नाही. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि लागली तरी दाबून धरते. पिशवी वेळेवर रिकामी होत नाही, जंतू धुऊन निघत नाहीत. अशा ताईला नुसता काढा देऊन भागत नाही. तिला पाणी आणि संडास, दोन्हीचा हक्क हवा.

झाडपाल्यात औषध असते का? असते

विनयपिटकातली जीवकाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, “एक योजन परिसरात फिर आणि औषध नसलेली वनस्पती घेऊन ये.” जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी गुण नाही अशी एकही वनस्पती त्याला दिसली नाही.

ही गोष्ट झाडपाल्याचा महिमा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातली सात वर्षे विसरू नयेत. कोणती वनस्पती, कोणत्या रोगावर, किती आणि कुणाला द्यायची नाही, हे ओळखणे म्हणजे वैद्यकी. नुसती वनस्पती हाती असणे पुरेसे नाही.

आजच्या काळातही वनस्पतींमधून मोठी औषधे आली. मलेरियावरचे क्विनाईन झाडाच्या सालीतून आले. मलेरियावरचेच आर्टेमिसिनिन एका चिनी वनस्पतीतून निघाले आणि त्याबद्दल तू यूयू या संशोधिकेला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती वनस्पती थेट काढा म्हणून जगभर वाटली गेली नाही. तिच्यातला गुणकारी अंश वेगळा केला, मात्रा ठरवली, माणसांवर चाचणी घेतली, मग औषध झाले.

बशीतला जंतू आणि पिशवीतला जंतू

“अमुक अर्काने ई. कोलाय मारला” अशा बातम्या येतात. त्या बहुतेक खोट्या नसतात. उदाहरणार्थ, २००९ मध्ये भारतीय संशोधकांनी १७ औषधी वनस्पतींचे अर्क मूत्रसंसर्गाच्या ६६ हट्टी जंतूंवर तपासले. आले आणि डाळिंब यांच्या अर्काचा ई. कोलायवर चांगला परिणाम दिसला. हिरडा आणि तुळस यांचा क्लेबसिएला नावाच्या दुसऱ्या जंतूवर दिसला.

पण ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत झालेली असते. बशीत जंतूवर अर्क थेट ओततात. आपण आल्याचा काढा प्यायलो तर तो आधी पोटात जातो, आतड्यात पचतो, यकृतात त्याचे तुकडे होतात, रक्तात पातळ होतो आणि शेवटी लघवीत उतरला तर उतरतो. जंतू मरेल इतका जोर तिथपर्यंत शिल्लक राहतो का, हा खरा प्रश्न आहे. बशीतला जंतू तर फिनाईलनेही मरतो. म्हणून कुणी फिनाईल पीत नाही.

तेव्हा कुणी “प्रयोगशाळेत सिद्ध झाले” म्हणाले की एकच प्रश्न विचारावा, “माणसांवर सिद्ध झाले का?”

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात?

जगात अशा चाचण्या झाल्या आहेत. त्यातल्या महत्त्वाच्या पाहू.

*क्रॅनबेरी.* हे उत्तर अमेरिकेतले लाल आंबट फळ. त्यातला एक अंश जंतूच्या आकड्यांना पिशवीला चिकटू देत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे त्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले. मुलांमध्ये निम्म्याहून जास्त कमी झाले. मात्र हा फायदा संसर्ग टाळण्याचा आहे. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो, असा पुरावा नाही. आपल्याकडे करवंदालाही कुठे कुठे ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणून खपवतात. करवंद हे वेगळे झाड आहे. खायला उत्तम, पण क्रॅनबेरीचा पुरावा त्याला लावता येत नाही.

*युरोपातल्या तीन वनस्पतींचे औषध.* सेंच्युरी, लोव्हेज आणि रोझमेरी या तीन वनस्पतींच्या गोळ्यांची तुलना फॉस्फोमायसिन या अँटीबायोटिकशी केली गेली. २०१८ मध्ये निकाल आला. साधा संसर्ग असलेल्या ६५९ स्त्रिया त्यात होत्या. वनौषधी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ८४ जणींना पुढे अँटीबायोटिक लागले नाही. अँटीबायोटिकने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ९० जणींना आणखी औषध लागले नाही. निकाल चांगला आहे. पण संसर्ग किडनीपर्यंत जाण्याचे प्रसंग वनौषधी गटात ५ आणि दुसऱ्या गटात १ असे होते.

*अस्वलद्राक्ष, म्हणजे उव्हा उर्सी.* या पानांचा अर्क युरोपात जुन्या काळापासून लघवीच्या त्रासावर देतात. जर्मनीत ३९८ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. अँटीबायोटिकचा वापर खूप कमी झाला, हे खरे. पण त्रास जास्त दिवस राहिला आणि किडनीचा संसर्ग अर्क घेणाऱ्यांपैकी ८ जणींना, तर अँटीबायोटिक घेणाऱ्यांपैकी २ जणींना झाला.

आता चौथी चाचणी पाहा. ती वनस्पतीची नाही, पण सगळ्यात जास्त शिकवणारी आहे. जर्मनीतच ४९४ स्त्रियांपैकी निम्म्यांना अँटीबायोटिक दिले आणि निम्म्यांना फक्त आयबुप्रोफेन, म्हणजे दुखण्याची गोळी. २०१५ मध्ये निकाल आला. दुखण्याची गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणी अँटीबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या.

दुखण्याची गोळी जंतू मारत नाही. मग त्या बऱ्या कशा झाल्या? शरीराने स्वतःच जंतू हटवले. निरोगी, तरुण बाईचा सौम्य संसर्ग पुष्कळदा आपोआप जातो. म्हणूनच गोखरू घेतलेली म्हणते गोखरूने गेला, पळस घेतलेली म्हणते पळसाने गेला. त्या खोटे बोलत नाहीत. पण ज्या तिसरीचा गेला नाही आणि जिला किडनीच्या संसर्गाने भरती व्हावे लागले, तिची गोष्ट ओट्यावर सांगितली जात नाही. चाचणीत मात्र दोघींचीही नोंद होते. ऐकीव गोष्ट आणि चाचणी यांत हाच फरक आहे.

आपल्या घरातल्या वनस्पती

*धने-जिरे, वाळा, सब्जा, ताक.* उन्हाळीवर छान. पोटात पाणी जाते, लघवी मोकळी होते. जंतू मारण्याची अपेक्षा यांच्याकडून करू नये. मधुमेह असेल तर साखर घालू नये. उसाचा रस आणि बाटलीबंद सरबते टाळावीत.

*पळसाची फुले.* विदर्भाचे हे आपले झाड. फुले भिजवून त्याचे पाणी पिण्याची किंवा गरम फुलांनी ओटीपोट शेकण्याची जुनी पद्धत आहे. शेकाने दुखणे हलके होते, गरम पाण्याच्या पिशवीनेही होते. होळीसाठी बाजारात मिळणारी रंगीत पावडर पळसाचीच आहे याची खात्री नसते. ती पिऊ नये.

*गोखरू.* पडीक जागेत पसरणारी काटेरी वेल. दशमुळांपैकी एक. आयुर्वेदात लघवी साफ होण्यासाठी प्रसिद्ध. पण अँटीबायोटिकच्या जोडीला उभे करून मूत्रसंसर्गावर मोठ्या चाचणीत तो सिद्ध झालेला नाही. जास्त प्रमाण धोक्याचे आहे. पथरीसाठी गोखरूचे पाणी भरपूर प्यायलेल्या एका तरुणाला मूत्रपिंडाची गंभीर इजा झाल्याची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

*गुळवेल.* कोरोनाच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वेल चुकीची ओळखली गेली असावी असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी बोध एकच. वेल ओळखण्यात चूक होऊ शकते आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे.

*तयार बाटल्या आणि पुड्या.* २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली. साधारण पाचातल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हे धातू किडनीलाच मारक आहेत. नाव-पत्ता, परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नका. वनौषधी घ्यायचीच असेल तर पदवीधर आयुर्वेद डॉक्टरांकडून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांपासून ती लपवू नका.

मग अँटीबायोटिकच घ्यावे का? ते तरी नीट घ्या

वनस्पतींना पर्याय म्हणून लोक शोधतात, त्यामागे खरे कारण आहे. अँटीबायोटिक निकामी होत चालली आहेत. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज लॅन्सेट या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच नोबेल व्याख्यानात बजावले होते की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरण्याऐवजी शिकून हुशार होतील.

चार सुट्या गोळ्या म्हणजे हीच अपुरी मात्रा. दोन दिवसांत आग थांबते, आपण गोळ्या बंद करतो, उरलेले दणकट जंतू पुन्हा वाढतात. पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. मग महाग गोळी, नंतर इंजेक्शन, नंतर भरती. रोजंदारीवरच्या घराचे आठवडाभराचे पैसे त्यात जातात. सर्दी-खोकल्यासाठी उगाच घेतलेल्या अँटीबायोटिकनेही पोटातला ई. कोलाय असाच दणकट होतो.

साध्या मूत्रसंसर्गावर आपल्याकडे नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी, स्वस्त गोळी अजून चांगली चालते. ती साधारण ५ ते ७ दिवस घ्यायची असते. डॉक्टरांनी ती दिली तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

ती जेवणासोबत घ्यावी. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, घाबरू नये. लघवीची आग कमी करणारे गुलाबी सिरप त्याच वेळी घेऊ नये, कारण त्याने लघवीतली आम्लता जाते आणि गोळीचा जोर कमी होतो. हे सिरप तसेही जंतू मारत नाही. किडनी कमजोर असेल, गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील किंवा जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या माणसात या गोळीने रक्तपेशी फुटतात.

सिकलसेलच्या घरांनी हे नीट वाचावे

१९५८ मध्ये नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा आजार विदर्भात, आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

सिकलसेलमध्ये कोयत्यासारख्या वाकड्या पेशी किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. किडनीची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. त्यामुळे रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी पडले तरी लघवी फिकीच दिसू शकते. म्हणजे ‘लघवी फिकी, तर पाणी पुरेसे’ ही परीक्षा सिकलसेलच्या रुग्णाला लागू होत नाही. त्याने रंग न बघता दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे.

दुसरे, लघवीचा संसर्ग आणि ताप यांमुळे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका येऊ शकतो. जंतू रक्तात पसरण्याचा धोकाही अशा रुग्णाला जास्त असतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला की काढा, शेक, वाट पाहणे, काहीही नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेडिकल, मेयो किंवा जवळचे सरकारी रुग्णालय. सोबत सिकलसेलचे कार्ड न्यावे. लघवी लाल झाली तरीही लगेच दाखवावे.

सगळ्यात स्वस्त पर्याय

वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. २०१८ मध्ये निकाल आला. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. म्हणजे अँटीबायोटिक न घेता त्रास जवळपास निम्मा झाला. कोणत्याही अर्काच्या बाटलीपेक्षा हा पुरावा आपल्या घराच्या जास्त कामाचा आहे. (हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, त्यांनी मात्र तेच पाळावे.)

पाण्यासोबत या सवयी हव्यात. लघवी दाबून धरू नये, तीन-चार तासांनी जाऊन यावे. संडासला गेल्यावर पुढून मागे धुवावे. संबंधानंतर लघवीला जाऊन यावे. मासिक पाळीतील कापड धुऊन उन्हात वाळवावे, पॅड वेळेवर बदलावे. आतल्या भागात डेटॉल, तुरटी, कडुनिंबाचे पाणी किंवा दही कधीही घालू नये. त्याने तिथले चांगले जंतू मरतात किंवा जागा सोलते. मुलगी शाळेत पाणीच पीत नसेल, तर शाळेतल्या संडासाची अवस्था जाऊन पाहावी आणि पालक सभेत तो विषय काढावा.

वाचकांच्या मनातले प्रश्न

*मी तिशीची आहे, आजार काही नाही, फक्त जळजळ आहे. थांबू का?*
ताप, पाठदुखी, उलटी, रक्त यांपैकी काही नसेल आणि गरोदर नसाल, तर पाणी वाढवून दोन दिवस पाहता येते. तोवर लघवीची तपासणी करून ठेवावी. त्रास वाढला किंवा ४८ तासांत गेला नाही तर दवाखाना.

*लघवी तपासायला कशी द्यायची?*
जागा साध्या पाण्याने धुवा. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्या. वारंवार त्रास असेल तर कल्चर करायला सांगा. कोणती गोळी चालेल ते त्यात कळते, दोन-तीन दिवस लागतात. नमुना अँटीबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा.

*गरोदर सुनेला काही त्रास नाही, तरी लघवी का तपासतात?*
गरोदरपणात लक्षण नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. उपचार केले नाहीत तर किडनीचा संसर्ग होतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती असते. ही तपासणी चुकवू नये आणि गरोदर बाईला कोणताही काढा स्वतःच्या मनाने देऊ नये. महापालिकेचे आरोग्य केंद्र किंवा डागा रुग्णालयात ही सोय आहे. आशाताईला विचारा, ती सोबतही येईल.

*सासऱ्यांना त्रास आहे. पुरुषांनाही होतो का?*
होतो, आणि पुरुषात तो साधा समजत नाहीत. प्रोस्टेट, पथरी किंवा साखर यांची तपासणी लागते. त्यांनी घरी उपाय करत बसू नये.

कापून भिंतीवर लावा

त्याच दिवशी डॉक्टरकडे, काढ्यावर थांबायचे नाही:
१. थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे, उलट्या
२. लघवीत रक्त किंवा लघवी बंद होणे
३. गरोदर बाई
४. सिकलसेल, मधुमेह, किडनीचा आजार, पथरी
५. लहान मूल, पुरुष, वृद्ध माणूस, लघवीची नळी लावलेला रुग्ण

घरी करायचे:
१. पाणी, ताक, धने-जिऱ्याचे पाणी, ओटीपोटाला शेक
२. २४ तासांत उतार पडला नाही तर लघवीची तपासणी
३. चिठ्ठीशिवाय अँटीबायोटिक नाही, सुट्या गोळ्या नाहीत, दिलेला कोर्स पूर्ण
४. काढा किंवा बाटली घेत असाल तर डॉक्टरांना सांगणे

आजीच्या धने-जिऱ्याच्या पाण्याला नाही म्हणू नका, ते जरूर प्या. पण आजीलाच ताप भरला आणि तिची पाठ दुखू लागली, तर पेला बाजूला ठेवून आधी रिक्षा बोलवा.